वायजी, एकास सत्त्याऐंशी

उद्यमबागेत दिवसभर मी
दुसऱ्यांच्या पंपांचे शाफ्ट कापतो.
भोंगा झाला की सुपरवायझर भरमगौडा
मुद्दाम पाठ वळवून तंबाखू मळतो,
आणि लेथवर माझं स्वतःचं चाक चढतं,
पितळेचं, चौदा मिलिमीटरचं.
असली आठ लागतात. वीस कापली.
वाया गेलेलं एक
धाकटीनं बांगड्यांच्या डब्यात ठेवलंय.

वडगावच्या मागावरची मोडकी फणी
इंजिनाच्या शिडीच्या पायऱ्या झाली.
भुसा हिरव्या रंगात उकळला,
कॅसलरॉकचा डोंगर झाला.
जे मीटरगेज उखडून नेलं
ते मी पलंगाखालच्या फळीवर
बारा मिलिमीटरनं परत टाकलं.
बायको म्हणते, खरी गाडी दारावरनं जाते
तिच्याकडं मान वळवत नाहीस,
आणि ह्या मुंग्यांच्या गाडीला
रात्री दोनपर्यंत तेल घालतोस की!

फलक फकिरप्पानं रंगवला.
पूर्वी टिळकवाडीतल्या निम्म्या दुकानांची नावं त्याच्या हातची,
आता छापील पाट्यांनी रिकामा बसलेला.
कन्नड वर हे ठरलेलंच,
हिंदीतलं लोंढा आम्ही
मराठीतलंच समजून वाचतो, हेही ठरलेलं,
तरी चहा संपेस्तोवर भांडलो, हसत.
तिन्ही ओळी बसल्या अर्ध्या ब्लेडएवढ्या पत्र्यावर,
आणि चष्मा काढल्यावर
दोघांनाही एकही वाचता येईना.

इंजिन झालं. काळं कुळकुळीत.
कुंद्याच्या खोक्यात कापसावर निजवून
पॅसेंजरनं लोंढ्याला नेलं,
बस्त्यावमामाला दाखवायला.
बावीस वर्षं फायरमन होता तो.
खोक्यात बघून म्हणाला,
हे इंजिन न्हवं बाबा, हे आहेराचं ताट.
ह्याला कधी ताप आलाय काय?

मग सांगत गेला,
घरातल्या माणसाची दुखणी सांगावीत तसा.
इंजेक्टरखाली पांढरे ओघळ सोड,
पाण्यात चुना होता.
कोळशाची पूड टेंडरवर नको एवढी,
पायऱ्यांवर टाक, आमच्या बुटांची.
आणि धुराच्या डब्याचं तोंड काळं नसतं रे,
करपलेल्या भाकरीसारखं राखाडी,
खालच्या अंगाला तांबूस.

लोखंडाचा कीस मिठाच्या पाण्यात घातला, आठ दिवस.
खानापूरच्या कौलभट्टीतली भुकटी
जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळली.
शून्य नंबरचा ब्रश, त्याचेही केस उपटून तीनच ठेवले.
लावायचं,
आणि ओलं आहे तोवर बहुतेक पुसून काढायचं.
सांदीत राहील तेवढंच वय.
पहिल्या दिवशी फार लावलं,
भंगारातनं आणल्यासारखं दिसायला लागलं,
स्पिरिटनं धुऊन पुन्हा नवंकोरं केलं.
माणसाला अशी सोय नाही
हे मनात आलं, पण हात थांबला नाही.

दुसऱ्या खेपेला मामा बराच वेळ बोलला नाही.
इंजिन कानाजवळ नेलं, कशाला कोण जाणे.
मग केबिनच्या दांड्यावर नख टेकवून म्हणाला,
इथला गंज काढ.
का? जुनं दिसायला पायजे ना?
जुनंच तर.
इथं गंज कधी बसलाच न्हाई.
दर पाळीला चढताना हात इथंच पडायचा,
माझा, माझ्या आधीच्याचा,
हिवाळ्यात थंडगार लागायचा मेला.

तिथंच, त्याच्या पायरीवर बसून
पॉलिशपेपरच्या टोकानं घासलं.
तांदळाच्या निम्म्या दाण्याएवढं पितळ
उघडं पडलं.
मामा आत गेला, चहा टाकतो म्हणून,
आणि चहा काही लवकर आला नाही.

रात्री फळी ओढली, करंट दिला.
कॅसलरॉक उतरून आलं,
बोगद्यात बूट-चपलांच्या पुठ्ठ्याचा वास,
आणि लोंढ्याच्या अलीकडंच अडलं.
भुकटी चाकाला लागली असणार.
कितीही कळकट करा,
चाक आणि रूळ तेवढे लख्ख लागतात.
मी स्पिरिट शोधत होतो
तोवर धाकटीनं बोट लावून ढकललं,
आणि विचारलं,
बाबा, एवढं घाण झालंय, आंघोळ घालू?